गोष्ट खोटी, वाक्प्रचार खरा

हौशी : मॅडम, माझ्या क्लासमधली निम्मी मुलं पैठण, कन्नड, सिल्लोडकडून आलेली आहेत. बारावीपर्यंत मराठी माध्यम, इंग्रजीशी संबंध पुस्तकापुरता. स्पर्धा परीक्षेत इंग्रजी वाक्प्रचारांवर प्रश्न येतात म्हणून औरंगपुऱ्यातल्या दुकानातून गाईड आणतात. त्या गाईडचं पान तुम्ही कधी पाहिलंय? डावीकडे वाक्प्रचार, उजवीकडे अर्थ, मधे एक उभी रेघ. 'किक द बकेट' – मरणे. 'बाईट द बुलेट' – निमूटपणे सोसणे. मुलं अभ्यासिकेत बसून हे पाढ्यांसारखं घोकतात आणि आठवड्याभरानं उजवा रकाना झाकला की डोकं खाजवत बसतात. बादलीला लाथ मारणं आणि मरणं यांचा संबंध काय, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. मी सांगतो. ही बादली पाण्याची नव्हे. डुक्कर कापल्यावर ज्या आडव्या दांडीला त्याला उलटं टांगायचे, तिला इंग्लंडच्या काही भागांत 'बकेट' म्हणत. जीव जाताना त्याचे पाय त्या दांडीवर आपटायचे. एवढं सांगितलं की वर्ग क्षणभर गप्प होतो आणि पुढे तो वाक्प्रचार कुणी विसरत नाही. हा केवळ माझा अनुभव नाही. बेल्जियममध्ये फ्रँक बूर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परभाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्यांवर हेच करून पाहिलं. वाक्प्रचार मुळात जहाजावरचा, शिकारीतला की पत्त्यांच्या डावातला, हे ज्यांना कळलं त्यांच्या तो अधिक ध्यानात राहिला. मग उगमाची गोष्ट सांगितली तर बिघडलं कुठं?

शंकेखोर : ध्यानात राहतो, हे मान्य. पण ध्यानात राहतं ते काय? मागे एका मुलाचा निबंध माझ्याकडे तपासायला आला होता. त्यात वाक्य होतं, 'माय रिस्पेक्टेड ग्रँडफादर किक्ड द बकेट लास्ट इयर.' व्याकरण ठीक, अर्थही ठीक, आणि आजोबांची पार शोभा झाली. त्याला तुमची दांडी सांगितली असती तर हे टळलं असतं का? उलट आजोबा त्या दांडीला टांगलेले दिसले असते. हाच मुलगा मराठीत 'आमचे आदरणीय आजोबा गचकले' असं कधी लिहिणार नाही. गेले, वारले, खपले, गचकले, देवाघरी गेले, कैलासवासी झाले. यातलं कुठलं कुणासाठी, हे त्याला वर्गात कुणी शिकवलेलं नाही. मयतीच्या घरी बसून, म्हाताऱ्यांच्या तोंडून, गल्लीतल्या भांडणात ऐकून ते त्याच्यात मुरलं. वाक्प्रचार कोण उच्चारतो, कुणापुढे आणि कोणत्या तोंडानं, यात त्याचा अर्थ असतो. उगम हा फार तर जन्मदाखला. तो पाहून माणसाचा स्वभाव सांगता येत नाही. आणि हा दाखला तरी खरा कशावरून? फ्रान्सिस ग्रोसनं १७८५ साली गावरान इंग्रजीचा कोश काढला, त्यात 'किक द बकेट' आहे, इतकं पक्कं. दांडीचं स्पष्टीकरण हा कोशकारांना त्यातल्या त्यात पटणारा अंदाज. वर्गात तुम्ही 'अंदाज' हा शब्द वापरता का? नसाल वापरत, वापरला की गोष्टीतली हवाच जाते. बरं, पावसाची गोष्ट कोणती सांगता? कुत्र्या-मांजरांची?

हौशी : सगळे सांगतात तीच. जुन्या इंग्लंडात घरांची छपरं गवताची. कुत्री-मांजरं उबेला वर जाऊन बसायची आणि जोराचा पाऊस आला की घसरून खाली पडायची.

शंकेखोर : तुमच्या कन्नडच्या मुलाला विचारा ना. त्याच्या गोठ्यावर पाचटाचं छप्पर असेल. मांजर वर चढेल, पण कुत्रं चढलेलं त्यानं पाहिलंय का? आणि पाऊस लागल्यावर जनावर छपराखाली शिरेल की छपरावर बसून राहील? मुलाला हे ठाऊक असतं. पण गोष्ट इंग्लंडची म्हणून तो आपली अक्कल बाजूला ठेवतो, आणि मला चीड येते ती याची. ही छपराची गोष्ट १९९९ च्या सुमारास एका ई-मेलनं जगभर पसरवली. पंधराशेच्या काळातल्या इंग्लंडचं जगणं म्हणून कुणीतरी डझनभर वाक्प्रचारांचे उगम गमतीनं रचून पाठवले आणि लोकांनी ते खरे धरले. छापील पुरावा वेगळंच सांगतो. रिचर्ड ब्रोमच्या १६५३ मध्ये छापलेल्या नाटकात कुत्र्यांबरोबर मांजरं पडतच नाहीत, पोलकॅट नावाचा मुंगसासारखा प्राणी पडतो. पुढे १७३८ साली जोनाथन स्विफ्टनं बड्या घरातल्या लोकांच्या पोकळ गप्पांची टिंगल करायला संवाद लिहिले, त्यात आजचं रूप सापडतं. म्हणजे पावणेतीनशे वर्षांपूर्वीच हा वाक्प्रचार टिंगल करण्याइतका शिळा झाला होता. बाकी कुत्रीच का आणि मांजरंच का, याला कुणापाशी उत्तर नाही. आपला पाऊस मुसळधार पडतो तेव्हा मुसळं पडताना कुणाला दिसतात?

हौशी : चला, छप्पर सोडून दिलं. पण एक खोटी निघाली म्हणून सगळ्या गोष्टी मोडीत काढायच्या? काही गोष्टी तर थेट आपल्या मातीतून गेलेल्या आहेत आणि त्या ऐकताना मुलांची छाती फुगते. 'बाईट द बुलेट' घ्या. १८५७ साली शिपायांना एनफील्ड बंदुकीची काडतुसं दातांनी तोडायला लावली, त्यावरून भडका उडाला. 'आय डोन्ट गिव्ह अ डॅम' मधला 'डॅम' म्हणजे आपला दाम. अकबराच्या रुपयाचे चाळीस दाम होत. त्याच घराण्यातली आपली दमडी. 'दमडीचीही किंमत देत नाही' आणि हे इंग्रजी वाक्य शेजारी शेजारी ठेवून बघा. हे काही मी कुणाच्या स्टेटसवरून उचललेलं नाही; यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात आहे. इतकंच काय, 'द होल नाइन यार्ड्स' म्हणजे आपली नऊवारी, असंही मी ऐकलंय. पक्कं नाही, पण वार म्हणजे यार्डच की.

शंकेखोर : नऊवारीचं काय झालं ते आधी ऐका. अमेरिकेत हौशी अभ्यासकांनी जुनी वर्तमानपत्रं चाळता चाळता 'पूर्ण नऊ यार्ड' हा प्रयोग १९०७-०८ च्या सुमाराला इंडियाना राज्यात शोधून काढला. पुढे १९१२ मध्ये केंटकीच्या एका वर्तमानपत्रात तोच सहा यार्डांचा मिळाला. म्हणजे नऊवारी की सहावारी हा घोळ तिकडेही होताच. फक्त साडी नव्हती. कापड, तोफखाना, सिमेंटचा ट्रक, सगळ्यांनी त्यावर हक्क सांगितला, आणि आकडा कधी नऊ तर कधी सहा असल्याचं कळताच सगळे गारद झाले, कारण मोजायला तिथं कुठली वस्तूच नव्हती. दामाचं तसंच. ऑक्सफर्डच्या कोशानं ती व्युत्पत्ती कल्पक पण निराधार म्हणून बाजूला ठेवली. तो 'डॅम' म्हणजे सरळ शिवी. आणि गोळीचं म्हणाल, तर त्याच ग्रोसच्या कोशाच्या १७९६ च्या आवृत्तीत फटके खाणारा शिपाई ओरडू नये म्हणून तोंडात गोळी चावतो. एनफील्ड यायला अजून साठेक वर्षं होती. शिवाय शिपाई तोडत होते ते काडतुसाचं कागदी वेष्टण. सर, यात मला इंग्रजीपेक्षा आपलीच गंमत जास्त वाटते. राज्यकर्त्यांच्या भाषेत आपलं काहीतरी असावं, ही आपली हौस. ती सत्तावनच्या शिपायाला नेऊन परीक्षेच्या चार पर्यायांत बसवते.

तुमच्या बेल्जियमच्या प्रयोगाला माझ्याकडे शिकागोचा जोड आहे. बोअझ कीसार आणि ब्रिजेट ब्लाय यांनी १९९५ मध्ये एक अभ्यास छापला. त्यांनी वापरातून गेलेले जुने इंग्रजी वाक्प्रचार घेतले. त्यातला एक, 'द गूस हँग्ज हाय', म्हणजे सगळं छान चाललंय. काहींना खरा अर्थ शिकवला, काहींना नेमका उलटा. नंतर विचारलं, हे शब्द ऐकून परक्या माणसाला काय वाटेल? ज्यांना जो अर्थ शिकवला होता, त्यांना तोच स्वाभाविक वाटला. खरा शिकलेले म्हणाले, हंस उंच टांगलाय म्हणजे सुबत्ता, हे उघड आहे. उलटा शिकलेल्यांनाही तितकंच उघड दिसत होतं. अर्थ एकदा कळला की त्याच्यामागे कारण आपोआप दिसायला लागतं. तुमच्या वर्गाला दांडी पटते, कारण 'मरणे' हे त्यांनी आधीच उजव्या रकान्यात वाचलेलं असतं.

(हा टोला जिव्हारी लागला असावा. हौशीनं त्याला उत्तर न देता मैदानच बदललं. लिहिणाऱ्याच्या मते तिथून पुढचं बोलणं अधिक कामाचं झालं.)

हौशी : इंग्लंड-अमेरिका राहू द्या. आपल्या दारातलं बघू. शहरातून खुलदाबादच्या रस्त्यानं निघालं की पंधरा किलोमीटरवर दौलताबादचा किल्ला. राज्यकर्त्यानं आज एक हुकूम काढून उद्या फिरवला की आपण म्हणतो, 'तुघलकी कारभार'. इथं उगम अंदाजाचा नाही. मुहम्मद तुघलकानं १३२७ साली राजधानी दिल्लीहून देवगिरीला आणली, तिला दौलताबाद नाव दिलं, आणि काही वर्षांनी लोकांना परतीची वाट मोकळी केली. माणूस खरा, साल खरं, दगडविटांचा किल्ला अजून उभा. खुलदाबादेत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचा दर्गा आहे. दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे हे शिष्य त्याच स्थलांतरात दख्खनेत आले. मुलांना हे दाखवून आणलं तर 'तुघलकी' हा शब्द त्यांच्यासाठी कागदावरचा राहणार नाही. याला तरी तुम्ही जन्मदाखला म्हणून उडवून लावू शकत नाही.

शंकेखोर : उडवत नाही, उलट तो दाखलाच उघडून बघू. राजधानी आणली, हे खरं. पण 'तुघलकी' या शब्दात राजधानी आणण्याचा निषेध नाही, वेडेपणाचा निवाडा आहे. अख्खी दिल्ली ओस पाडून, आंधळ्या-पांगळ्यांना फरफटत आणलं, हे आपल्या डोळ्यांपुढे येतं. ते सांगितलं कुणी? एक इब्न बतूता. आंधळ्याला दिल्लीहून ओढत नेलं आणि दौलताबादेत त्याचा नुसता पाय पोचला, ही गोष्ट त्याची. तो दिल्लीत आला १३३४ साली, म्हणजे सगळं घडून गेल्यावर, आणि ऐकीव सांगितलं. दौलताबाद त्यानं पुढे स्वतः पाहिलं. तिथल्या तळघरातले उंदीर मांजरापेक्षा मोठे आणि मांजरंच त्यांना भिऊन पळतात, हेही त्यानंच लिहून ठेवलंय. हा माणूस गोष्टीत हात आखडत नाही. दुसरा इसामी. तो पोरवयात या स्थलांतरात सापडला, त्याचे नव्वदीचे आजोबा वाटेतच गेले. त्याचा राग समजतो. पण त्यानं आपलं काव्य १३५० मध्ये पुरं केलं ते तुघलकाविरुद्ध बंड करून गादीवर बसलेल्या बहमनी सुलतानाच्या आश्रयानं. तिसरा बरनी, १३५७ चा. त्याच्या वर्णनात दिल्ली इतकी उजाड झाली की तिथं कुत्रं-मांजर उरलं नाही.

आता बघा, आपण मराठीत म्हणतो, चिटपाखरू उरलं नाही. त्याचा अर्थ कुणी चिमण्या मोजून लावत नाही. बरनीचं कुत्रं-मांजर म्हणजे तसलाच वाक्प्रचार. पण पुढच्या लोकांनी तो शब्दशः घेतला आणि त्याचा इतिहास झाला. दिल्लीजवळच्या सरबन गावचा १३२८ चा संस्कृत शिलालेख आहे. तिथल्या व्यापाऱ्यांनी विहीर बांधली, त्याची नोंद. सोबत दिल्लीचं कौतुक. ओस गावात विहीर कोण बांधतं? महदी हुसेन यांच्यासारख्या इतिहासकारांचं म्हणणं असं की हलवले ते मुख्यतः दरबारी, उलेमा, सूफी, बडी घराणी. सामान्य दिल्ली बरीचशी जागेवर राहिली. मग 'तुघलकी' शब्द कुणाच्या साक्षीवर उभा आहे? ज्यांची घरं हलली त्यांच्या. लेखणी त्यांच्याच हातात होती.

हौशी : मॅडम, तुम्ही मघापासून उगम नको म्हणता आणि आत्ता दहा मिनिटं उगमच सांगितलात, तोही माझ्यापेक्षा बारकाईनं! तुमचं हे ऐकल्यावर मी 'तुघलकी' हा शब्द पूर्वीसारखा वापरू शकणार नाही. मग अर्थ नुसता वापरात कसा? उगम उकरला आणि माझ्यापुरता वापरच बदलला की.

शंकेखोर : तुमच्यापुरता. उद्या सकाळी पेपरात 'महापालिकेचा तुघलकी निर्णय' असा मथळा येईल, आणि तो वाचणाऱ्या कुणालाही सरबनची विहीर आठवणार नाही. आठवायचं कारणही नाही. मथळ्याला एवढंच सांगायचंय की पाणीपट्टीचा निर्णय बिनडोक आहे. शब्द आपलं काम करून मोकळा. मी १३२७ चा इतिहास सांगितला. शब्दाचा अर्थ सांगितला नाही. दोन्हींची गाठ मारू नका, एवढंच म्हणते. खुलदाबादेतच अमीर हसन सिज्जी यांची कबर आहे. निजामुद्दीन औलियांची बोलणी त्यांनी 'फवाइद-उल-फुवाद' मध्ये टिपून ठेवली. 'दिल्ली अभी दूर है' हे शब्द औलियांचे, गियासुद्दीन तुघलकाला उद्देशून, असं सगळे सांगतात. पण फवाइदमधल्या नोंदी १३२२ ला संपतात आणि गियासुद्दीन मेला १३२५ त, मंडप कोसळून. म्हणजे जो माणूस औलियांच्या पायाशी बसून शब्द न् शब्द लिहीत होता, त्याच्या वहीत ते वाक्य असायची सोयच नाही. म्हणून कुणी ते म्हणायचं थांबलंय का? प्रत्येक निवडणुकीत दिल्ली दूरच असते.

हौशी : मग मी जरा अडचणीचा शब्द काढतो. मोगलाई. 'ही काय मोगलाई आहे का?' आपण सहज बोलतो. बेबंदशाही, अंदाधुंदी असा अर्थ. आता ही मोगलाई कुठली? दिल्लीची नव्हे. पेशव्यांच्या कागदांत निजामाला 'मोगल' म्हणतात, आणि निजामाची राजधानी १७६३ पर्यंत कुठं होती? इथंच, आपल्या या शहरात. पुढे हैदराबाद संस्थानातली गावं ती सगळी मोगलाईतली. म्हणजे 'मोगलाई लागून गेली काय' हे पुण्याकडून नदीपल्याड बघून केलेलं विधान आहे, आणि नदीपल्याड आपण होतो. सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या, मग महाराष्ट्रात आलेल्या मराठवाड्यातलं पोरगं शाळेत तोच वाक्प्रचार शिकतं आणि वाक्यात उपयोग करून दाखवतं. कुणाबद्दल बोलतोय हे त्याला माहीतच नाही. तुम्ही म्हणता, उगम नको. म्हणजे निवाडा पोचवायचा आणि खटला दडवायचा?

शंकेखोर : चांगलं पकडलंत. पण त्याला पणजोबांचा अपमान कळायलाच हवा, असा आग्रह का? निजामाच्या कारभाराबद्दल इथल्या लोकांना कमी तक्रारी होत्या, असंही नाही. रझाकारांच्या आठवणी सांगणारी घरं अजून आहेत. त्यांच्या तोंडी 'मोगलाई' आली तर ती पुण्याहून उसनी आणलेली नसते. आणि विसरण्यातही एक चांगुलपणा असतो. सतराव्या शतकात इंग्रज आणि डच एकमेकांशी समुद्रावर लढत होते, तेव्हा आणि पुढेही डचांना हिणवणारे कितीतरी वाक्प्रचार इंग्रजीत तयार झाले. दारू पिऊन आलेलं धैर्य ते 'डच करेज'. आज ते म्हणणाऱ्या इंग्रजाच्या मनात डचांबद्दल काडीचं वैर नसतं, आणि हॉलंडमधला माणूसही ते ऐकून भांडायला उठत नाही. विष उतरलं ते कशानं? उगम विसरल्यानं. तुम्ही वर्गात तो पुन्हा सांगून विष चढवणार असाल, तर मी तुमच्या गाईडची उभी रेघच बरी म्हणेन. रेघेला आकस नसतो.

हौशी : डच आणि इंग्रज बरोबरीचे होते, मॅडम. दोघांकडे आरमार होतं. म्हणून दोघांना एकदमच विसरता आलं. जिथं एकानं बोलायचं आणि दुसऱ्यानं ऐकून घ्यायचं अशी वाटणी होती, तिथं बोलणारा लवकर विसरतो. ऐकणारा विसरत नाही. 'चांभारचौकशी' हा शब्द अजून अग्रलेखांत येतो, चांगल्या शिकल्यासवरल्या लोकांच्या. नसत्या चौकशा, एवढाच अर्थ त्यांना दिसतो, तुमच्या भाषेत विष उतरलेला. माझ्या क्लासमधल्या एका मुलीनं सरावाच्या पेपरात तो प्रश्न कोरा सोडला. उत्तर येत नव्हतं असं नाही. हुशार पोरगी आहे. मी विचारलं तर म्हणाली, 'सर, हा वाक्यात वापरून दाखवायलाच पाहिजे का?' तिला उगमाची गोष्ट सांगायची गरजच नव्हती. तिच्यासाठी उगम आणि वापर यांत तुमची ती रेघ नव्हतीच. ज्या शहरात बाबासाहेबांनी १९५० साली मिलिंद महाविद्यालय उभं केलं, ज्या शहरात विद्यापीठाच्या नावात त्यांचं नाव यावं म्हणून १९७८ च्या ठरावापासून १९९४ पर्यंत झगडावं लागलं, माणसं मेली, घरं जळली, तिथं उभं राहून 'शब्दाचा अर्थ वापरात असतो' हे म्हणताना मला तरी विचारावं लागतं, कुणाच्या वापरात?

शंकेखोर : हं. याला मी डचांचं उदाहरण दिलं, ते अपुरं पडतं, हे खरं. पण तुम्ही नीट बघितलंत तर त्या मुलीनं तुमचीही बाजू घेतलेली नाही. या शब्दाच्याही एक-दोन उगमकथा लोक सांगतात. चपला शिवणारा पायांकडे बघून माणसाची पारख करायचा, वगैरे. तुम्ही त्यातली एक गोड करून वर्गात सांगितली असती तर? 'यात वाईट काही नाही, हा तर कौशल्याचा गौरव!' अशी. उगमाची गोष्ट हे काम फार सफाईनं करते, सर. सतत करते. कुठल्याही शिवीला एक निरागस आजी शोधून देते. दुसरीकडे 'ध चा मा' बघा. आनंदीबाईंनी कागदावर 'धरावे'चं 'मारावे' केलं आणि ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणराव मारला गेला. बखरींनी ही गोष्ट सांगितली आणि मराठीनं त्या बाईला कायमची जन्मठेप दिली. इथं उगमाची गोष्ट हाच पुरावा आणि वाक्प्रचार हीच शिक्षा. रामशास्त्र्यांनी दोष ठरवला तो राघोबाचा. भाषेनं धरली त्याची बायको. म्हणून म्हणते, उगम सांगा म्हणणारा माणूस बऱ्याचदा गोष्ट सांगतो, आणि गोष्ट नेहमी कुणाच्या तरी बाजूची असते.

हौशी : म्हणजे गोष्ट सांगितली तर खोटी साक्ष, नाही सांगितली तर बिनसाक्षीचा निकाल. मग शिकवायचं काय? पुढच्या आठवड्यात मला बाराशे रुपये फी भरलेल्या साठ मुलांपुढे उभं राहायचंय. त्यांना शिकागोचा प्रयोग नकोय, एक गुण हवाय.

शंकेखोर : एक गुण उभी रेघही देते. प्रश्न तुम्हाला त्याहून जास्त द्यायचंय म्हणून आला. मी असते तर गोष्टीऐवजी नोंद दिली असती. पहिल्यांदा कुठं सापडतो, कोण म्हणतो, कुणाबद्दल. त्यात पुरावा असेल तेवढाच. दाते-कर्वे यांनी 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' काढला, पहिला भाग १९४२ चा, चाळून बघा. माणसं केवढी शिस्तीनं हे काम करत होती. आणि नोंद पाठ होत नाही म्हणाल, तर ते खरं आहे. 'कुत्री-मांजरं' च्या पुढे तुम्हाला लिहावं लागेल, 'सतराव्या शतकापासून छापील, कारण अज्ञात'. यावर टाळ्या पडत नाहीत.

हौशी : करून बघतो. तिसरा रकाना आखतो, 'कोण, कुणाबद्दल'. 'तुघलकी' समोर लिहितो, दिल्ली सोडावी लागलेले, सुलतानाबद्दल. 'मोगलाई' समोर, पेशव्यांचं पुणं, आपल्याबद्दल. 'ध चा मा' समोर बखरकार, आनंदीबाईंबद्दल. 'कॅट्स अँड डॉग्ज' समोर रिकामं. हे जमेल. मुलांना आवडेलही कदाचित. आपला रकाना कुठं लागतो ते बघायला. पण 'चांभारचौकशी' समोर मी काही लिहिणार नाही. ती ओळच काढून टाकली आहे.

शंकेखोर : आणि शेजारच्या बाकावरचा मुलगा? त्याला तर त्या शब्दात अजून नुसत्या नसत्या चौकशाच दिसतात. तो शब्द तो घरात ऐकतो, पेपरात वाचतो. तुमच्या वर्गात तेवढा भेटला नाही म्हणून तो वापरायचा थांबणार नाही. तिसरा रकाना नेमका त्याच्यासाठी हवा होता.

हौशी : त्याला शिकवायचं तर ओळ ठेवावी लागते. ओळ ठेवली की ती मुलगी समोर बसलेली असते, आणि तिच्यासमोर साठ जणांना मी तो शब्द फोड करून सांगणार. तिनं कोरा सोडलेला प्रश्न मी फळ्यावर लिहिणार.

शंकेखोर : तिला विचारलंत का?

हौशी : हेही तिनंच ठरवायचं? तिच्यावर तेवढं आणखी एक ओझं?

शंकेखोर : मग तुम्ही ठरवा. पण उद्या खऱ्या परीक्षेत, चार पर्यायांत, तोच शब्द आला आणि तुम्ही ओळ काढलेली असली, तर त्या दोघांपैकी कुणाचा गुण जाईल, ते मला सांगा.